पाच माणसं, एक ठेका: जॅझच्या छोट्या ग्रुपकडून छोट्या मालकाने काय शिकायचं?



तुमच्याकडे किती माणसं कामाला आहेत? तीन? पाच? फार तर दहा? मग आजचा लेख तुमच्यासाठीच आहे.

आपल्या भवानी पेठेतलं एखादं छोटं टॉवेलचं युनिट डोळ्यांसमोर आणा. मालक, एक जॉबर, दोन मागवाले, शिलाईला एक ताई आणि घडी-पॅकिंगला एक पोरगा. संपली टीम! इथे मॅनेजर नाही, सुपरवायझर नाही. यातला एक जण जरी बिनसला तरी ऑर्डर लटकते. आणि ट्रेनिंगला येणाऱ्या मालकांकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? "सर, मी जागेवर नसलो की काम थांबतं."

या वाक्यात खरं दुखणं आहे. मालक दिवसभर ओरडून सांगतो, म्हणून काम होतं. तो बँकेत गेला, आजारी पडला, लग्नाला गेला की धंदा थांबतो. असा धंदा वाढणार कसा?

याचं उत्तर शोधायला आज आपण जरा वेगळ्या ठिकाणी जाणार आहोत, जॅझ संगीताच्या रेकॉर्डिंगकडे. हसू नका! तीन ते दहा माणसांनी एकमेकांना सांभाळून घेत काम कसं करायचं, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. कोण पुढे आलं, कोण मागे सरलं, कोणी कुणाला सावरलं, सगळं टेपवर आहे. मोबाइलवर लावा आणि ऐका.

आधी दोन मिनिटांत जॅझ समजून घेऊ

वरातीच्या बँडमधला ट्रंपेट आणि सॅक्सोफोन तुम्ही ऐकलाय. तीच वाद्यं इथे पुढे असतात. मागे पियानो, ड्रम आणि बास, म्हणजे खर्जातलं उभं मोठं तंतुवाद्य. या मागच्या मंडळींचं काम ठेका आणि पाया सांभाळण्याचं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग त्याच चालीच्या आवर्तनावर एकेक जण आपल्या मनाने, त्या क्षणी सुचेल तसं वाजवतो. सगळ्यांची पाळी झाली की पुन्हा मूळ चाल आणि शेवट.

आपल्याला हे नवीन नाही. सतारवादक विस्तार करतो, तबलजी ठेका धरतो, दोघं समेवर भेटतात. हिशोब तोच. फक्त इथे पाळी प्रत्येकाला मिळते, ठेकेवाल्यालासुद्धा.

जॅझ जन्मलं अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय समाजात. १९२५ साली लुई आर्मस्ट्राँग या ट्रंपेटवादकाने शिकागोत पाच जणांचा 'हॉट फाइव्ह' नावाचा ग्रुप घेऊन रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तीन मिनिटांत पाच जणांनी आपलं म्हणणं मांडायचं, म्हणजे फालतू बडबडीला जागाच नाही. छोटी जागा, कमी माणसं, वेळेचं बंधन. ओळखीचं वाटतंय ना?

हे संगीत आपल्या मुंबईत कसं रुजलं

१९३५ साली लिऑन अॅबी या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग आणखी अमेरिकन वादक आले. त्यांच्याकडून हे संगीत उचललं ते प्रामुख्याने आपल्या गोवेकर वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ते कौशल्य घेऊन ही मुलं मुंबईला आली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, अशी अनेकांची रोजी-रोटी होती.

त्यातलं एक मोठं नाव म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनिओ झेव्हियर वाझ, बार्देशातल्या हळदोणे गावचे. ट्रंपेट असा वाजवायचे की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी चिक यांना सोबत घेतलं. १९५१ सालचा मास्टर भगवान यांचा 'अलबेला' आठवा. त्या संगीतात चिक यांचा हात आहे, आणि पडद्यावरही ते आपल्या बँडसह दिसतात. मराठी संगीतकार, मराठी नायक आणि गोवेकर ट्रंपेट. ज्याला जे येतं ते त्याच्याकडून करून घेतलं, आणि गाणी आजही वाजतात.

१९६८: दहाएक वादक आणि अकरा राग

शंकर-जयकिशन ही जोडी तुम्हाला माहीत आहे. यातले शंकर हैदराबादेत वाढलेले. सिनेमात ही जोडी भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी प्रसिद्ध होती. पण १९६८ साली त्यांनी वेगळाच प्रयोग केला. 'रागा जॅझ स्टाइल' नावाची रेकॉर्ड. गायक नाही, सिनेमा नाही. अकरा राग, सुरुवात तोडीने आणि शेवट भैरवीने. मध्ये भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ की मल्हार अशी मंडळी.

टीम बघा. सतारीवर उस्ताद रईस खान. सॅक्सोफोनवर कलकत्त्याहून आलेले मनोहारी सिंग. ट्रंपेट जॉन परेरा. पियानोवर लुसिला पाचेको, एक बाई, त्या काळात! गिटारवर अनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक. बासवर एडी ट्रॅव्हास, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. सोबत तबला आणि बासरी. म्हणजे एकाच खोलीत घराण्याची तालीम घेतलेला उस्ताद आणि नोटेशन वाचणारे गोवेकर. भाषा वेगळी, शिक्षण वेगळं, सवयी वेगळ्या.

आता यातली अडचण समजून घ्या. सतारीत तार ओढून मींड काढता येते, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. सॅक्सोफोनवालाही ओठांच्या दाबाने थोडंफार तसं करू शकतो. पियानोवर ते शक्यच नाही. पट्टी दाबली की तोच स्वर, मधलं काही नाही. मग रागदारी वाजत असताना पियानोवाल्याने काय करायचं? तिथे भारंभार पट्ट्या दाबल्या तर सतारीची नजाकत मेली. मोजके स्वर लावायचे आणि सतारीला वाट द्यायची. ज्याची ताकद जिथे आहे, तिथे त्याने पुढे यायचं. जिथे आपलं वाद्य अपुरं आहे, तिथे दुसऱ्याच्या पायात यायचं नाही.

तबला आणि ड्रम यांचंही तसंच. दोघं तालवाले. दोघांनी एकाच वेळी जोर लावला तर नुसता गोंगाट. मागाच्या शेडमध्ये दोन जॉबर एकाच मागावर हात घालतात तेव्हा काय होतं? तेच!

या रेकॉर्डमध्ये बरंचसं काम आधी बसवलेलं आहे. कोण कुठे येणार हे ठरलेलं जाणवतं. इतक्या वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसं एकत्र आली की सुरुवातीला तसंच करावं लागतं. एकमेकांची सवय झाली की मोकळीक वाढवता येते. ही मोकळीक कुठपर्यंत जाऊ शकते, ते बघायला आता न्यूयॉर्कला जाऊ.

चौकट थोडी, पण पक्की

१९५९ साली माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाने 'काइंड ऑफ ब्लू' नावाची रेकॉर्ड केली. २ मार्च आणि २२ एप्रिल, फक्त दोन दिवस स्टुडिओत. पाच रचना. आज अमेरिकेत तिच्या पन्नास लाख प्रतींचं प्रमाणपत्र आहे. जॅझमध्ये हा आकडा प्रचंड.

माइल्सने वादकांना काय दिलं? थोडक्यात टिपणं. स्वरसमूह कोणता, किती मापं, एवढंच. पहिल्या रचनेचं उदाहरण घेऊ, नाव 'सो व्हॉट'. एकूण बत्तीस मापं, प्रत्येक माप चार मात्रांचं, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. पहिली सोळा मापं एका स्वरसमूहावर. आपल्या भाषेत सांगायचं तर काफी थाटाचे स्वर. पुढची आठ मापं तोच समूह अर्ध्या स्वराने वर. शेवटची आठ मापं परत खाली. संपले नियम. यात काय वाजवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

नियम कमी आहेत, पण जे आहेत ते कुणीही मोडत नाही. सतराव्या मापाला सगळे एकत्र वर चढतात, पंचविसाव्याला एकत्र उतरतात. म्हणून मधल्या मोकळेपणात गोंधळ होत नाही.

आता आपल्या युनिटकडे या. बरेच मालक नेमकं उलटं करतात. बारीकसारीक पन्नास सूचना देतात: दोरा इकडे ठेव, पेटी तिकडे ठेव, असं उभं राहा. आणि जे चार नियम पक्के हवेत ते रोज बदलतात. डिलिव्हरीची तारीख दोनदा बदलली. सकाळी सांगितलं आधी निळा माल काढा, दुपारी पार्टीचा फोन आला की पांढरा. संध्याकाळी पुन्हा निळा! मग माणसं स्वतःचं डोकं लावणं सोडतात आणि विचारत बसतात, "मालक, आता काय करू?"

तुमची बत्तीस मापं कोणती ते कागदावर लिहा. मालाचा दर्जा तपासायचा नियम, रोजची डिलिव्हरीची वेळ, उधारीची मर्यादा, सुट्टी सांगायची पद्धत. चार-पाच गोष्टी, बास. त्या मोडायच्या नाहीत, आणि मोडायला परवानगी मालकालाही नाही. बाकीचं माणसांवर सोपवा.

न वाजवणं हेही कामच

याच रेकॉर्डमधल्या दोन गोष्टी बारकाईने बघण्यासारख्या आहेत.

पहिली. रेकॉर्डवर पियानो बहुतेक ठिकाणी बिल इव्हान्सचा आहे. पण एक रचना सरळ ब्लूज ढंगाची होती. तिच्यासाठी माइल्सने विंटन केली या दुसऱ्या पियानोवादकाला बसवलं. अख्ख्या रेकॉर्डवर केली एकाच रचनेत वाजतो. इव्हान्स कमी दर्जाचा होता का? अजिबात नाही. त्या एका कामाला केलीचा हात जास्त योग्य होता, एवढंच. आपण काय करतो? "हा माझा जुना माणूस आहे" म्हणून शिलाईवाल्यालाच हिशोबाला बसवतो. जुना माणूस जपा, पण काम बघून माणूस लावा.

दुसरी. ग्रुपमध्ये दोन सॅक्सोफोनवाले होते, जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडर्ली. दोघंही दादा माणसं. तरी 'ब्लू इन ग्रीन' या संथ रचनेत अॅडर्ली वाजवतच नाही. पूर्ण रचनाभर गप्प. का? तिथे गरज नव्हती.

माणूस रिकामा दिसला की आपल्या मालकाच्या पोटात गोळा येतो. मग त्याला उगीच कुठल्यातरी कामाला जुंपतो आणि चालू कामात अडथळा करतो. माणूस दिवसभर हललाच पाहिजे, हा हट्ट सोडा. योग्य क्षणी तो तयार हवा. जॉबर दोन तास बसून असेल आणि माग बिघडल्यावर दहा मिनिटांत चालू करून देत असेल, तर त्याचा पगार वसूल झाला.

ठेकेवाल्यालाही डोकं असतं

आता आणखी छोटी टीम. फक्त तीन माणसं. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं रेकॉर्डिंग झालं. पियानो इव्हान्स, बास स्कॉट लाफारो, ड्रम पॉल मोशन. दुपारी दोन आणि रात्री तीन, अशा पाच बैठका एका दिवसात. ऐकताना मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांच्या गप्पासुद्धा येतात.

तोपर्यंत बासवाल्याचं मुख्य काम काय मानलं जायचं? टुम टुम टुम, ठेका धरणं. लाफारोने ते बदललं. पियानो एक वाक्य बोलला की बास त्याला उत्तर देतो, कधी प्रश्न विचारतो, कधी मध्येच नवीन वाट दाखवतो. ड्रमवाला दर मात्रेवर ठोकत बसत नाही, रंग भरतो. मग ताल कोण सांभाळतं? तिघंही! प्रत्येकाच्या मनात तो चालू आहे, म्हणून कुणा एकाने सतत मोजून दाखवायची गरज उरत नाही.

तुमच्याकडे बासवाला कोण? पॅकिंगचा पोरगा. त्याला वाटतं आपलं काम फक्त घडी घालून पिशवीत भरणं. पण कुठल्या मागाच्या मालाची किनार वाकडी येते, कुठला रंग परत येतो, हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. त्याला कधी विचारलंय? विचारून बघा. पहिल्या दिवशी तो लाजेल. आठव्या दिवशी तो तुम्हाला अशी गोष्ट सांगेल जी तुम्हाला कोणताच हिशोब दाखवत नाही.

या गोष्टीचा शेवट मात्र दुःखद आहे. त्या रविवारनंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय फक्त पंचवीस. इव्हान्सला इतका धक्का बसला की पुढे कित्येक महिने तो लोकांसमोर वाजवायला बसला नाही. छोट्या टीमची ही दुसरी बाजू. माणूस जितका जवळचा आणि गुणी, तितकी त्याची जागा मोकळी झाल्यावर पडणारी पोकळी मोठी. म्हणून महत्त्वाचं काम निदान दोघांना यायला हवं. त्या माणसावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. उद्या त्याच्या घरी काही झालं तर त्याला निर्धास्त सुट्टी देता यावी, म्हणून करायचं.

चुकीचा स्वर लागला तर?

हर्बी हॅनकॉक हा पियानोवादक १९६३ मध्ये माइल्सच्या ग्रुपमध्ये आला. त्याने स्वतः अनेकदा सांगितलेली एक आठवण आहे. युरोपात कार्यक्रम रंगात आलेला, माइल्सची पाळी चालू, आणि हॅनकॉककडून साफ चुकीचे सूर दाबले गेले. त्याला वाटलं, सगळं संपलं. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे स्वर वाजवले की तो चुकलेला तुकडाच बरोबर वाटायला लागला. माइल्सने त्याच्याकडे चूक म्हणून बघितलंच नाही. घडलंय, आता यातून पुढे कसं जायचं, एवढंच बघितलं.

आपल्याकडे एखादा लॉट चुकला की आधी अर्धा तास कोर्ट भरतं. कोणी केलं? का केलं? पुढच्या वेळी चूक झाली की माणूस ती लपवतो. लपवलेली चूक पार्टीच्या दुकानात पोचते आणि मग संपूर्ण गठ्ठा परत येतो. म्हणून क्रम बदला. आधी माल सावरा: दुरुस्ती होईल का, सेकंडमध्ये जाईल का, पार्टीला आधीच फोन करायचा का. कारण संध्याकाळी शोधा, शांतपणे. आणि तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर तिथे सांभाळून घेऊ नका, पद्धत बदला. माइल्ससुद्धा रोज तोच चुकीचा सूर ऐकून घेणारा नव्हता.

नाव कुणाचं लागणार?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. सिनेमाच्या तबकडीवर संगीतकाराचं नाव असायचं, गायकाचं असायचं. ट्रंपेट कुणाचा, गिटार कुणाची, हे सहसा छापलं जात नव्हतं. शेकडो गाण्यांना झळाळी देणारे गोवेकर वादक त्यामुळे लोकांना नावाने माहीतच झाले नाहीत.

न्यूयॉर्कही यातून सुटलं नाही. 'ब्लू इन ग्रीन' ही रचना रेकॉर्डवर माइल्सच्या नावावर आहे. इव्हान्सचं म्हणणं होतं की ती आपली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने ती स्वतःच्या रेकॉर्डसाठी वाजवली, तेव्हा तिथे दोघांची नावं लागली. इतक्या सुंदर कामावर वादाचा डाग कायमचा राहिला.

तुमच्या मागवाल्याने नवीन डिझाइन सुचवलं आणि ते बाजारात चाललं, तर तुम्ही काय करता? पार्टीसमोर "माझी आयडिया" म्हणता का? तसं म्हणाल तर पुढचं डिझाइन तो तुम्हाला सांगणार नाही. शेजारच्या कारखान्यात सांगेल. चार लोकांसमोर त्याचं नाव घ्या. आणि नुसतं नाव पुरत नाही, पैसाही ठरवा. नवीन डिझाइनच्या पहिल्या ऑर्डरवर किती बक्षीस, हे आधीच बोलून वहीत लिहून ठेवा. भागीदारीत धंदा करत असाल तर हे आणखी महत्त्वाचं: कोणाची मेहनत, कोणाचा हिस्सा, पहिल्याच दिवशी कागदावर.

या आठवड्याचा गृहपाठ

१. 'रागा जॅझ स्टाइल' मधला एक राग तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सतार, दुसऱ्यांदा फक्त सॅक्सोफोन, तिसऱ्यांदा फक्त ड्रम आणि तबला. कोण केव्हा थांबतं याकडे लक्ष द्या.

२. तुमच्या धंद्याचे न बदलणारे चार नियम एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. पाचवा सुचला तर आधी एक काढा.

३. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र उभं करा. प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं: आज माझ्या कामात अडचण कुठे येऊ शकते. मालकाने सगळ्यात शेवटी बोलायचं.

४. आठवड्यातून एक अर्धा दिवस ठरवून युनिटमधून बाहेर राहा आणि फोन करू नका. परत आल्यावर काय अडलं ते लिहा. जे अडलं, ते दुसऱ्या कुणाला शिकवायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा गृहपाठ सगळ्यांना जड जातो, म्हणून तो आधी करा. तुम्ही नसताना तुमची माणसं एकमेकांकडे बघून काम पुढे नेत असतील, तर समजा ठेका जमला. मग दुसरं युनिट काढायचा विचार करायला हरकत नाही.

तुमच्या टीममधला बासवाला कोण आहे, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कष्ट करा, हिशोब ठेवा आणि आपल्या माणसांचं ऐका!